हिसके

शेडच्या दारापुढचा बर्फ उपसण्यातच पाऊण तास गेला. दार बाहेर उघडणारं. ज्याने ते बसवलं तो फिनलंडहून आलेल्या आईबापांचा मुलगा, सगळं आयुष्य बर्फात काढलेला. मग दार आत उघडेल असं का नाही केलं? आजींना विचारलं, तर म्हणाल्या, "आत जागा कुठे होती?" ते खरंच होतं. अंग चोरून शिरता येईल इतकं दार उघडलं तेव्हा आत जळाऊ लाकडांची रास, उलटी टाकलेली होडी, दोन वल्ही, रंगाचे वाळून खडखडीत झालेले डबे, आणि सगळ्यांच्या मागे ताडपत्रीखाली ती. ताडपत्रीचा एक कोपरा उंदरांनी कुरतडला होता. त्या भोकातून पिवळं काहीतरी दिसत होतं.

स्की-डू एलान, १९७३ सालची. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा, वर काळी गादी आणि गादीच्या पुढ्यात एका सिलिंडरचं इंजिन, अडीचशे सीसीला तीन कमी. बर्फावरून पळणाऱ्या या यंत्राला इंग्रजीत स्नोमोबील म्हणतात, पण उत्तर ऑन्टारिओत ते नाव विम्याच्या कागदांवर राहतं. तोंडात स्की-डूच, मग यंत्र कुठल्याही कंपनीचं असो. आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत, तसं.

आपल्या भाषेची इथे जरा पंचाईत होते. आकाशातून पडतो तो बर्फ, तळं गोठतं तो बर्फ, आणि रसवंतीत उसाच्या रसात टाकतात तोही बर्फच. 'हिम' आहे, पण ते हिमालयात आणि कवितेत शोभतं. फावडं घेऊन कुणी हिम उपसायला जात नाही. म्हणून बावीस वर्षांत मी माझ्यापुरती सोय करून घेतली आहे. पडतो तो भुसा. गोठते ती लादी. आणि भुशाच्या वजनाने लादी दबली, भेगांतून पाणी वर आलं आणि दोघांच्या मध्ये लगदा झाला, की तो राडा. राड्यात रुतलेलं यंत्र रात्रीतून सिमेंटमध्ये बसवल्यासारखं घट्ट होतं. तळ्यावर राहणारी माणसं लादी फुटण्याला घाबरतात त्याहून जास्त राड्याला घाबरतात.

सडबरी हे निकेलच्या खाणींचं गाव. मी इथे एका प्रयोगशाळेत खाणीतून आलेले नमुने तपासते. गावाच्या हद्दीत तीनशेहून जास्त तळी आहेत आणि तळ्यांच्या काठी लाकडी घरं. त्यांना कॅम्प म्हणायचं. कॉटेज म्हणणारा माणूस टोरांटोचा, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. आजी गावात माझ्या शेजारी राहतात, त्यांचा कॅम्प तळ्याच्या पलीकडच्या काठावर आहे आणि रस्ता अलीकडच्या काठावर संपतो. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात स्की-डू, आणि लादी धरण्या-सुटण्याच्या दिवसांत दोन्ही नाही. आजी चौऱ्याऐंशीच्या आहेत. मी त्यांना आजी म्हणते ते मनातल्या मनात. तोंडावर नावाने हाक मारते, इथली रीतच ती. पहिली दोन वर्षं जीभ अडखळायची.

"चालू झाली तर नातवाला देईन, नाही झाली तर भंगारात," असं त्यांनी नोव्हेंबरात जाहीर केलं. नातू म्हणाला, भंगारातच घाल. तेव्हा मी बोलून गेले की टू-स्ट्रोक इंजिन मला उघडता येतं. खरं तर मला लुना उघडता येत होती. तीही १९८९ साली, बार्शीत, अण्णा शेजारी उभे असताना.

अण्णा प्राथमिक शिक्षक, आणि शाळा अकरा किलोमीटरवर. लुना १९७२ साली बाजारात आली. आमच्या घरी यायला तिला पुढे बरीच वर्षं लागली आणि आली तीसुद्धा दुसऱ्याची वापरलेली. पन्नास सीसीचं इंजिन. पायडल मारून चालू करायचं आणि चढ आला की पुन्हा पायडल मारून त्याला हातभार लावायचा. तिच्यावरून लोक दुधाचे कॅन, कडब्याच्या पेंढ्या, बायको आणि दोन पोरं असं सगळं न्यायचे. लुना असणं ही मिरवायची गोष्ट नव्हती. एलानचंही तसंच. १९७१ ते १९९६ अशी पंचवीस वर्षं हे मॉडेल फारसा तोंडवळा न बदलता निघत राहिलं. शर्यतवाले तिला हसायचे. जंगलात सापळे लावणारी माणसं मात्र तिलाच धरून असत, कारण खोल भुशात रुतली तर एकट्या माणसाला मागचा भाग उचलून तिला बाहेर काढता येतं. तिला रिव्हर्स नाही. वळवायची तर उचलायचीच.

ताडपत्री काढून झाल्यावर टॉर्च भिंतीवर फिरली आणि दारालगतच्या फळीवर पेन्सिलीचे तीन रकाने दिसले. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात तापमान, तिसऱ्यात नुसता आकडा. २, ३, २, २, ४, ३. सुरुवात डिसेंबर १९७३. कॅनडात हवामानाचे आकडे एप्रिल १९७५ पासून सेल्सियसमध्ये सांगायला लागले, हा माणूस १९८१ पर्यंत फॅरनहाइटला चिकटून राहिलेला दिसत होता. मग एकदम एका हिवाळ्यात रकाना उणे झाला.

"तिसरा आकडा कशाचा?"

आजींनी हवेत दोरी ओढल्याचा हावभाव केला. या इंजिनाला बटण नाही, किक नाही. दोरी आहे, तिला लाकडी मूठ आहे, आणि इंजिन पेटेपर्यंत हिसका द्यायचा. प्रत्येक हिवाळ्यात ज्या दिवशी पहिल्यांदा यंत्र बाहेर निघे त्या दिवशी किती हिसके लागले, ते आजोबा लिहून ठेवत. मधूनच इतर तारखाही होत्या. शेवटच्या ओळी वाचताना माझ्यातली प्रयोगशाळेतली बाई जागी झाली. पाच, पाच, सात, आणि १४ मार्च १९९८, उणे सहा, नऊ.

"म्हणजे शेवटी शेवटी यंत्र थकत चाललं होतं. कॉम्प्रेशन गेलं असेल," मी म्हणाले.

"यंत्र नाही," आजी म्हणाल्या. "तो."

त्याच एप्रिलमध्ये हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी दोरीला हात लावायचा नाही असं बजावलं. पुढच्या हिवाळ्यात किल्लीवर चालू होणारं नवं यंत्र आलं. ते कसं चालू होतं याची फळीवर एकही नोंद नाही. नोंदवणार काय? किल्ली फिरवली.

मी हिशेबाची माणूस आहे, आकड्यावरून नेमकी चुकीची गोष्ट वाचल्याचं मला बराच वेळ खुपत राहिलं. तराजू कुणाचं वजन सांगतोय हेच पाहिलं नव्हतं.

बंद राहिलेल्या इंजिनाची दोरी आधी ओढायची नाही, हे मला बार्शीच्या स्टँडजवळच्या मिस्त्रींनी शिकवलेलं. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे डाग धरलेले असतात, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटलेल्या असतात, आणि आपण उत्साहाने ओढलं की रिंग त्या गंजावरून घासत जाऊन कायमचा ओरखडा पाडते. म्हणून आधी प्लग काढला. त्याच्या भोकातून तेल सोडलं आणि आठ दिवस त्याला मुरू दिलं. दरम्यान पंख्याचं पत्र्याचं कवच खोललं. हे इंजिन हवेवर थंड होतं. पंखा हवा ओढतो आणि सिलिंडरच्या पंखांवरून फिरवतो. कवचात उंदराचं घरटं होतं. बोटभर जागा सोडलेली नव्हती. गादीतला कापूस, बर्चची साल, दोरीचे धागे, आणि फिनिश वर्तमानपत्राचे बारीक तुकडे. 'वापाउस'चे असावेत, असं आजी म्हणाल्या. ते इथूनच, सडबरीतून १९१७ ते १९७४ पर्यंत निघत होतं. नावाचा अर्थ स्वातंत्र्य. घरटं तसंच ठेवून इंजिन चालू केलं असतं तर पहिल्या दहा मिनिटांतच पिस्टन भाजून निघाला असता. आजींनी तुकडे ताटलीत घेतले, चष्मा चढवून पाहिलं, आणि उंदरांनी निवडणुकीचा मजकूर तेवढा खाल्ला आहे असं सांगून चुलीत टाकले.

त्या आठ दिवसांत मी या यंत्राचं घराणं वाचून काढलं. ते क्युबेकमधल्या व्हाल्कूर नावाच्या खेड्यातलं. जोसेफ-आर्मां बोम्बार्दिए, जन्म १९०७. १९२२ सालच्या शेवटच्या दिवशी या पंधरा वर्षांच्या पोराने फोर्ड मॉडेल टीचं इंजिन घसरगाडीवर चढवलं, मागे विमानासारखा लाकडी पंखा बसवला आणि भावाला बरोबर घेऊन घोंघावत गावातून फेरी मारली. बापाने ते तिथल्या तिथे मोडायला लावलं. उघडा पंखा गरगरत गावातून गेल्यावर कुठलाही बाप हेच करेल. पुढे पोराने गॅरेज काढलं. हिवाळ्यात रस्ते बंद व्हायचे ते महिनोन् महिने. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हाँ अपेंडिक्सच्या दुखण्याने गेला. शेरब्रुकच्या इस्पितळापर्यंत पोचण्याचा रस्ताच नव्हता.

इथून ही गोष्ट सांगणारे सगळे एक सरळ रेघ ओढतात: मुलगा गेला, म्हणून यंत्र आलं. मला ती रेघ पटत नाही. पोरगा पंधराव्या वर्षापासून याच नादात होता. मुलगा जगला असता तरी तो गॅरेजात रात्री जागलाच असता. दुःखातून शोध लागला हे ऐकायला बरं वाटतं, कारण मग दुःखाचा काहीतरी उपयोग झाल्यासारखा वाटतो. शिवाय पुढचा इतिहास या रेघेला धरून चालत नाही. दातेरी चाकाने ओढायच्या पट्ट्याचं पेटंट १९३७ साली मिळालं, सात माणसांची बंद गाडी निघाली, १९४२ साली बारा माणसांची. तिच्यातून डॉक्टर गेले, टपाल गेलं, शाळेची मुलं गेली. इथवर रेघ सरळ. मग १९४८ साली क्युबेक सरकारने खेड्यांतले रस्तेही हिवाळ्यात साफ करायचं ठरवलं आणि गाडीचा खप कोसळला. रस्ता मोकळा झाल्यावर बर्फावरची रुग्णवाहिका कशाला हवी? माणूस खाणकामाच्या, लाकूडतोडीच्या यंत्रांकडे वळला. एकट्यादुकट्याचं हलकं यंत्र १९५९ मध्ये जमलं, कारण तोवर छोटी इंजिनं मिळू लागली होती आणि त्याच्या मुलाने, जेर्माँने, बिनसांध्याचा अखंड रबरी पट्टा जमवला होता. नाव ठरलं होतं स्की-डॉग, कुत्र्यांच्या गाडीची जागा घेणार म्हणून. पहिल्यांपैकी एक यंत्र लॅन्सडाउन हाउस नावाच्या दूरच्या वस्तीत मिशनरी मित्राकडे गेलं. म्हणजे मनात होते ते पाद्री, डॉक्टर, सापळेवाले. घेतलं कुणी? शनिवार-रविवार मोकळे असलेल्यांनी. बोम्बार्दिए १९६४ साली वारला, आणि सात वर्षांनी, १९७१ मध्ये, उत्तर अमेरिकेत वर्षाला पाच लाखांच्या घरात यंत्रं खपत होती, बनवणारे शंभराहून जास्त. ज्याची गरज म्हणून कल्पना केली त्याची मौज झाली. मला यात वाईट काही दिसत नाही. लेझीमही आधी तालमीतलं व्यायामाचं साधन होतं.

मौजेवाल्यांनीही कमाल केली, म्हणा. १९६८ साली मिनेसोटातल्या राल्फ प्लेस्टेड नावाच्या विमा विकणाऱ्या माणसाने असलीच सोळा अश्वशक्तीच्या आसपासची यंत्रं घेऊन थेट उत्तर ध्रुव गाठला. वरून अमेरिकी हवाई दलाच्या विमानाने जागा ताडून पाहिली, म्हणून त्याच्या पोचण्याबद्दल वाद नाही. आधीच्या मोठमोठ्या नावांबद्दल आहे.

फिनलंडच्या उत्तर टोकाला मात्र हे यंत्र मौज म्हणून गेलं नाही. तिथल्या सामी लोकांचा रेनडिअर पाळण्याचा धंदा. पेर्टी पेल्टो नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९७३ च्या पुस्तकात लिहून ठेवलंय की स्नोमोबील आल्यावर थोड्याच वर्षांत सगळी घडी बदलली. पूर्वी घसरगाडी ओढायला रेनडिअरच होता आणि त्याचं इंधन बर्फाखाली उगवत होतं. आता पेट्रोलला रोकड लागू लागली. ज्याच्याकडे ती होती तो कळप राखू शकला, बाकीचे हळूहळू धंद्याबाहेर गेले. बैल जाऊन ट्रॅक्टर आला तेव्हा आमच्या तालुक्यात काय झालं, हे ज्याने पाहिलंय त्याला हे पुस्तक सावकाश वाचायची गरज नाही.

मी हे सगळं आजींना सांगितलं. सामींचं त्यांना माहीत होतं. बोम्बार्दिएच्या मुलाचं ऐकून त्या उठल्या, मला शेडमध्ये घेऊन गेल्या आणि फळीवरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. फेब्रुवारी १९७६. तिसऱ्या रकान्यात १. सगळ्या फळीवर हा एकच एक होता. तेव्हा ते दोघं बारा महिने कॅम्पवरच राहायचे. रात्री कळा सुरू झाल्या, मागे घसरगाडी जोडली, तीत कांबळी घालून आजींना निजवलं आणि लादीवरून रस्त्यापर्यंत आणलं.

"एका हिसक्यात चालू झाली?"

"मला काय माहीत? मी ओरडत होते. त्याने नंतर मनानेच लिहिलं असणार."

आठ दिवसांनी प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिनाचं चाक हाताने हळूहळू फिरवलं. आधी हललं नाही. मग चिखलातून बूट निघावा तसं काहीतरी आत सुटलं, आणि चाक अर्धा फेर गेलं. अंगठ्याखाली हवेचा दाब आला. कॉम्प्रेशन होतं. पण करंट नव्हता. दोरीची डबी उतरवली की मॅग्नेटच्या चाकाला खिडक्या दिसतात आणि खिडकीतून पॉइंट. दोन बारीक टोकं, इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला एकमेकींपासून चार दशांश मिलिमीटर दूर होणार आणि परत भेटणार; दूर होण्याच्या त्या क्षणाला ठिणगी. सत्तावीस वर्षं न हलल्यावर त्यांच्यावर राखाडी बुरशीसारखा थर धरला होता. आपल्याकडे मिस्त्री पॉलिश पेपरची घडी करून पॉइंटच्या मध्ये दोनदा ओढायचे आणि शेवटी कोऱ्या कागदाची पट्टी फिरवायचे, कण राहू नयेत म्हणून. मी तेच केलं. कोरा कागद म्हणून आजींच्या वीजबिलाचं पाकीट. मग प्लग टोपीत घालून इंजिनाच्या अंगाला टेकवला, नातवाला दोरी ओढायला सांगितली आणि टॉर्च बंद केली. दुपारचे साडेचार, शेडमध्ये अंधार. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा प्लगच्या टोकाशी निळा ठिपका चमकला आणि बारीक 'टक्' झालं.

"आला करंट," मी मराठीत ओरडले. नातवाला कळलं.

कार्बोरेटर निराळ्या जातीचा निघाला. लुनाच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट होता. पेट्रोल वर आलं की तरंगून वाट बंद करणारा. याच्यात वाटीही नाही, फ्लोटही नाही, कारण यंत्र बर्फात तिरकं, उभं, कसंही होणार. त्याऐवजी पातळ पडदे. इंजिनाच्या पोटात पिस्टनच्या खालीवर होण्याने जी हवा दबते-सुटते, तिच्यावर एक पडदा फडफडतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. दुसरा पडदा त्याला हवं तेवढंच आत सोडतो. सगळा कारभार पडदा मऊ असण्यावर. उघडून पाहिलं तर दोन्ही पडदे पापड झाले होते. धरल्यावर वाजले. बाकी आतल्या अंगाला काकवीसारखा तपकिरी थर आणि जुन्या पेट्रोलचा आंबूस वास. पेट्रोल शिळं होतं हे लोकांना खरं वाटत नाही. त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे राहतं ते चिकट, बारीक भोकं बुजवणारं. पडद्यांचा संच अजून मिळतो, तो मागवला. नळ्याही नव्या घातल्या, कारण आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराला मानवत नाही. पुण्याचा माझा भाऊ त्याच्या स्कूटरबद्दल फोनवर हेच गाऱ्हाणं सांगतो.

एक काम मी मुद्दाम केलं नाही. क्रँकच्या दोन टोकांना ऑईल सील असतात. ते वाळले की तिथून हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, आणि टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलातूनच मिळत असल्याने पिस्टन कोरडा पडून जाम होतो. जाणकार म्हणतात, आधी सील बदला, मग चालू करा. बरोबरच म्हणतात. पण त्यासाठी इंजिन उतरवून पोट फाडावं लागलं असतं, आणि मग रंग, मग गादी, मग स्टिकर, असं करत करत ते यंत्र प्रदर्शनात ठेवण्यासारखं झालं असतं. अशी प्रदर्शनं भरतात, मी पाहिली आहेत. कारखान्यातून निघाली तेव्हाही इतकी चकचकीत नसतील अशी यंत्रं, ट्रेलरवरून येतात आणि ट्रेलरवरूनच जातात. हौसेला माझं काही म्हणणं नाही. पण इथे पिवळ्या रंगावर डाव्या बाजूला कुऱ्हाडीच्या दांड्याने घासून पांढरा पट्टा पडला होता, वीस-पंचवीस वर्षांची कुऱ्हाड एकाच जागी बांधल्याचा. तो मी घालवणार नव्हते. तेल जरा जास्त घातलं, लिटरला पंचवीस मिलिलिटर, आणि बाकी नशिबावर सोडलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी उणे एकोणीस. पट्टा जमिनीपासून सुटावा म्हणून मागचा भाग ओंडक्यावर चढवला. क्लच बिघडलेला असेल तर यंत्र चालू होताच पळत सुटतं. हा क्लच कायनेटिक होंडाच्या जातीचा, पट्ट्याचा. वेग वाढला की आपोआप धरणारा. चोक ओढला. हिसका. दुसरा. दहा झाल्यावर मोजायचं काम नातवाकडे दिलं. चौदाव्याला माझ्या खांद्याने तक्रार केली. प्लग काढला, ओला होता, पुसला, घातला. एकविसाव्याला एक ढेकर आली आणि निळसर धुराची अंगठी. तो वास! पेट्रोल पंपावर लुनाच्या टाकीत तेलाचं माप ओतलं जाताना, अण्णांच्या पाठीला नाक लावून बसलेली असताना यायचा तोच, फक्त थंडीने टोकदार झालेला. एकोणतिसाव्याला दोन सेकंद चालून बंद. एकतिसाव्याला पेटलं, आणि बंद झालं नाही.

एका सिलिंडरचा तो आवाज काही गोड म्हणण्यासारखा नाही. डब्यात खिळे घालून हलवल्यासारखा. शेड धुराने भरली. मी खोकत, हसत बाहेर वळले, तर आजी पायऱ्यांवर उभ्या, हात तोंडाशी धरून काहीतरी ओरडत होत्या. मला वाटलं, भरून आलं असेल.

"चोक!" त्या ओरडत होत्या. "चोक बंद कर, बुडवशील!"

तासाभराने मी तळ्यावर निघाले. जायचं रस्त्यापर्यंत आणि परत, दीडेक किलोमीटर एका बाजूने, नातवाच्या यंत्राने दाबून घट्ट केलेल्या वाटेवरूनच. बाजूला राडा असू शकतो, असं दोनदा बजावून झालं होतं. या यंत्राला स्प्रिंगांवरची छोटी चाकं आहेत, गुळगुळीत प्रवासाची अपेक्षा कुणी धरू नये. दात वाजत होते, डोळ्यांतलं पाणी पापणीवर गोठत होतं, आणि मी ताशी पंचवीसच्या वेगाने जगातल्या कुठल्याही माणसाइतकी खूश होते.

तळ्याच्या मधोमध इंजिनाचा आवाज चढला, चिरका झाला, आणि बंद.

मिश्रण पातळ झालं की आवाज असाच चढतो. सील. मी हातमोजा काढून इंजिनाला हात लावला. गरम, पण भाजणारं नाही. दोरीची मूठ धरली. पिस्टन जाम झाला असेल तर ती हलणार नाही, आणि मग आजींना काय सांगायचं, हे वाक्य मी इंग्रजीत जुळवायला सुरुवातही केली होती. हळूच ओढलं. दोरी सरळ आली. जाम नव्हता. मग पेट्रोल नाही? टाकी अर्धी भरलेली. चारी बाजूंनी पांढरं, आवाज नाही, फक्त लादीतून मधूनच एक घुमल्यासारखी कण्ह.

बार्शी-शाळा रस्त्यावर लुना अशीच थांबायची. अण्णा उतरायचे, टाकीचं टोपण फिरवायचे, 'सूं' आवाज यायचा. टोपणाला हवेचं बारीक भोक असतं. धुळीने ते बुजलं की पेट्रोल जसं कमी होईल तशी टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल खाली यायचं थांबतं. अण्णा आईकडे हात पुढे करायचे. आई मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन काढून द्यायची, ते भोक टोकरायचे, पिन पुसून परत करायचे. या सगळ्यात दोघं एक शब्द बोलत नसत.

मी टोपण फिरवलं. सूं.

पिन नव्हती. इतक्या कपड्यांच्या थरांत मंगळसूत्र असतं तरी हाती लागलं नसतं. टोपण अर्धा आटा सैल ठेवलं, दोनदा दोरी ओढली, चालू झालं. पेट्रोलचा वास घेत रस्त्यापर्यंत गेले आणि वळवायला मागचा भाग उचलला. एकटीने उचलता येतो, हे खरं आहे. कंबर दुसऱ्या दिवशी बोलते.

परत आले तेव्हा आजींनी सौना तापत घातला होता. सॉना म्हटलं की त्या टोकतात. शेडमध्ये फळीपाशी गेले, खिळ्याला सुतळीने बांधलेली पेन्सिल अजून तिथेच होती, टोकाला जरा कुरतडलेली. १९९८ च्या ओळीखाली तारीख लिहिली, उणे १९, आणि नातवाने मोजलेला आकडा, ३१. आजी मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"तळ्यावर थांबलीस ना? मी खिडकीतून पाहिलं. तिथे किती?"

"दोन."

"मग ते कुठे गेले? तो तेही धरायचा."

मी ३१ खोडलं आणि ३३ लिहिलं.